हक्क वाडीवर पोचेपर्यंत



मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या दिराच्या मुलाने फोनवर सरळच विचारलं, "काकू, हे मोर्चे, उपोषणं, सह्यांच्या मोहिमा... मानवी हक्कांच्या नावाने जगभर जे चालतं, त्यातून शेवटी कुणाला काय मिळतं?" प्रश्न कुचेष्टेचा नव्हता. पोरगा वाचणारा आहे, आणि रोजच्या बातम्या पाहून कुणालाही असं वाटावं अशीच परिस्थिती आहे. फोनवर एवढं सगळं सांगणं जमेना, म्हणून म्हटलं लिहूनच टाकते. उत्तर त्याच्यासाठी आहे, पण तुम्हीही वाचा.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली आणि त्यातली बरीच वर्षं कर्जत-खालापूरकडच्या ठाकुरवाड्यांवर गेली. "वाड्यांवर" असं अनेकवचन मुद्दाम लिहिलंय. मुंबईहून पुण्याला रेल्वेने घाट चढताना पळसदरी, जांभरुंगच्या पुढे ठाकुरवाडी अशी पाटी दिसते, ती एक. पण आमच्या या दोन तालुक्यांत डोंगराच्या कुशीला ठाकुरवाडी नावाच्या कितीतरी वस्त्या आहेत. "मी ठाकुरवाडीचा" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठली?" आणि ठाकुरवाडीच्या आसपास बहुतेक एखादी कातकरीवाडी असतेच. ठाकूर आणि कातकरी दोन्ही अनुसूचित जमाती. कातकरी तर राज्यातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक. बाकीचे दोन म्हणजे विदर्भाकडचे कोलाम आणि माडिया गोंड.

जगातल्या मानवी हक्कांच्या यशाची यादी काढली तर त्यात गुलामांचा व्यापार बंद झाला, दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेष गेला, बायकांना मताचा अधिकार मिळाला अशी मोठी मोठी नावं येतील. ठाकुरवाडी त्यात कुठेच येणार नाही. पण माझं मत असं की त्या सगळ्या यशांची खरी परीक्षा होते ती अशाच ठिकाणी.

मला हे काम तीन पायऱ्यांचं दिसतं. पहिली पायरी म्हणजे जो अन्याय चालला आहे तो मोजून, लिहून, नावानिशी लोकांपुढे ठेवणं. दुसरी म्हणजे कायदा किंवा कोर्टाचा निकाल. तिसरी म्हणजे तो कायदा ज्याच्यासाठी केला त्याच्या दारापर्यंत नेऊन त्याच्या हातात देणं. पहिल्या दोन पायऱ्या इतिहासाच्या पुस्तकात येतात. तिसरी सहसा येत नाही, आणि सगळ्यात जास्त वर्षं तीच खाते. लोक दुसऱ्या पायरीवर टाळ्या वाजवून घरी जातात, आणि दहा वर्षांनी विचारतात, "काय मिळालं?"

जुन्यातलं जुनं उदाहरण घेऊ. थॉमस क्लार्कसन नावाच्या एका इंग्रज विद्यार्थ्याने १७८५ साली केंब्रिजला निबंधस्पर्धेत भाग घेतला. विषय होता, माणसाला त्याच्या मनाविरुद्ध गुलाम करणं योग्य आहे का? लॅटिनमध्ये निबंध लिहिला, बक्षीस मिळालं. आमच्याकडे निबंधाचं बक्षीस मिळालं की विषय संपतो. याचा संपला नाही. २२ मे १७८७ रोजी लंडनमध्ये बारा जणांनी मिळून एक समिती काढली, त्यात हा होता. मग घोड्यावर बसून तो ब्रिस्टल, लिव्हरपूल अशा बंदरांत हिंडला, गुलामांच्या जहाजांवरच्या खलाशांना गाठून प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली, बेड्या विकत घेऊन लोकांना दाखवल्या. एका जहाजात माणसं कशी ओळीने रचून कोंबतात त्याचा आराखडा १७८८ साली छापला गेला. तो लोकांनी घराघरांत लावला. कित्येक कुटुंबांनी गुलामांच्या घामाची साखर म्हणून चहात साखर घालणं सोडलं. १७९२ साली पार्लमेंटकडे ५१९ अर्ज गेले. १८०७ साली व्यापार बंदीचा कायदा झाला, म्हणजे समिती काढल्यापासून वीस वर्षांनी. आणि खुद्द गुलामगिरी बंद करणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडलं. त्यात नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड ठरले, ते कुणाला, तर गुलामांच्या मालकांना! गुलामाच्या हातावर काही नाही. उलट पुढची काही वर्षं "उमेदवारी" या नावाने त्याने त्याच मालकाकडे राबायचं. ती उमेदवारी सुटली १८३८ साली.

तेव्हा तिकडच्या शहाण्या लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली की कायदा झाला म्हणजे काम झालं असं नाही. म्हणून १८३९ साली त्यांनी एक नवी संस्था काढली. तिचं काम जगात उरलेल्या गुलामगिरीवर नजर ठेवायचं. ही संस्था आजही आहे. तिचं नाव लक्षात ठेवा, अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल. पुढे ती आपल्याकडे येणार आहे.

हिंदुस्थानात इंग्रजांनी १८४३ साली कायदा करून गुलामगिरीला सरकारदरबारी मान्यता राहणार नाही असं ठरवलं. पण आमच्या डोंगरात माणूस बांधला जायचा तो बेडीने नव्हे, कर्जाने. त्या कायद्याचा त्याला काही उपयोग नव्हता. त्याबद्दल पुढे सांगते. आधी आपल्याच जिल्ह्यातल्या दोन लढ्यांची आठवण करून द्यायला हवी, कारण तिसरी पायरी म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं.

पहिला महाडचा. आपण सगळे २० मार्च १९२७ ही तारीख शिकलो, मी ती पन्नास वेळा शिकवली. पण तिच्या मागची आणि पुढची तारीख सहसा कुणी सांगत नाही. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मांडला, तो १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर आला होता! तीन वर्षं तो कागदावरच होता. त्या तीन वर्षांत त्या तळ्याचं पाणी प्यायची कुणा अस्पृश्याची प्राज्ञा नव्हती. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना बरोबर घेऊन तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, ते त्या ठरावाला पाय देण्यासाठी.

पुढे काय झालं? परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचं "शुद्धीकरण" झालं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा तळं खाजगी असल्याचा दावा काही मंडळींनी कोर्टात लावला होता आणि मनाईहुकूम आणला होता. बाबासाहेबांनी तो मनाईहुकूम पाळला. कोर्टात लढायचं ठरवलं आणि लढले. मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी. या दहा वर्षांत कुणीही कधीही विचारू शकलं असतं, "काय मिळालं त्या सत्याग्रहातून?"

दुसरा चरीचा संप. अलिबाग तालुक्यातलं चरी हे गाव. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि गावंच्या गावं खोतांच्या हाताखाली होती. कुळाने राबायचं, पिकातला मोठा वाटा खोताला द्यायचा, वर नाना तऱ्हेच्या वेठी आणि भेटी. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. आणि ते १९३९ पर्यंत पाळलं! मंडळी, जरा विचार करा. भातावर जगणाऱ्या माणसांनी सहा पावसाळे भाताची लावणी केली नाही. रानातली लाकूडफाटी विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. बाबासाहेबांनी या संपाला पाठिंबा दिला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती रद्द करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं. १९३९ साली मुंबई राज्यात पहिला कूळकायदा झाला, १९४८ साली नवा आणि जास्त व्यापक कूळकायदा आला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ ला कूळ हा जमिनीचा मालक ठरला. कसेल त्याची जमीन, ही घोषणा सातबाऱ्यावर उतरायला चोवीस वर्षं लागली.

पण आमच्या वाड्यांवर ही तिसरी पायरी लंगडी राहिली. कायदा कुळाला मालक करत होता, पण कूळ कोण? ज्याचं नाव दप्तरात आहे तो. तोंडी बोलीवर कसणाऱ्या ठाकराचं, कातकऱ्याचं नाव बऱ्याचदा दप्तरात नव्हतंच. आणि जी जमीन तो पिढ्यानपिढ्या कसत होता, डोंगरउतारावरची नाचणी-वरीची, ज्यांना आमच्याकडे दळी म्हणतात, तिचा बराचसा भाग जंगलखात्याच्या नकाशात होता. तिथे कूळकायदा पोचतच नव्हता. चरीला जे मिळालं ते ठाकुरवाडीला मिळालं नाही, हे एका जिल्ह्यातलं अंतर.

आता कर्जाच्या बेडीकडे येते. उत्तरेला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वारल्यांमध्ये "लग्नगडी" असा शब्द होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. ते फिटायचे कधीच नाहीत, कारण हिशेब लिहिणारा सावकारच. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने ही वेठ मोडून काढली. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच वारली मारले गेले. पण वेठ मोडली. गोदाराणींनी त्यावर पुढे "जेव्हा माणूस जागा होतो" हे पुस्तक लिहिलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचा.

देशभराचा कायदा व्हायला मात्र आणखी तीस वर्षं गेली. २५ ऑक्टोबर १९७५ ला वेठबिगारी रद्द करणारा अध्यादेश निघाला, १९७६ साली कायदा झाला. त्यात एक फार चांगलं कलम आहे. हे कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे, मजुरावर नाही. आणि कोर्टांनीही त्या काळात दारं उघडी केली होती. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही सक्तीची मजुरीच होय. १९८३ साली फरीदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांबद्दल बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात असाच मोठा निकाल आला. या दोन्ही प्रकरणांची सुरुवात एकेका पत्राने झाली होती. साधं पत्र, तेच कोर्टाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं. मुलांना पत्रलेखन शिकवताना मी हे आवर्जून सांगायची. पाच मार्कांसाठी शिकायचा हा विषय नाही रे बाबांनो, म्हणायची.

त्याच सुमाराला वसई तालुक्यातल्या दहिसर गावात विवेक आणि विद्युल्लता पंडित हे जोडपं कामाला लागलं होतं. १९७६ चा कायदा हातात होता, वेठीचे गडी डोळ्यांसमोर होते, आणि दोहोंची भेट झालेली नव्हती. त्यांनी १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी केली. काम काय, तर गड्याला "तू सुटलेला आहेस, कायद्याने केव्हाच सुटलास" हे पटवणं, अर्ज लिहिणं, तहसीलदारांपुढे उभं करणं, मुक्ततेचा दाखला मिळवणं, आणि सुटल्यावर गाव वाळीत टाकतं तेव्हा त्याच्याबरोबर राहणं. १९९९ साली या दोघांना या कामाबद्दल एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देणारी संस्था कोणती? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं तीच, १८३९ सालची लंडनची. घोड्यावरून बंदरं पालथी घालणारा क्लार्कसन आणि वसईच्या खेड्यात अर्ज लिहिणारे पंडित, दोघांचं काम एकाच जातीचं होतं. म्हणून दीडशे-दोनशे वर्षांनी एकमेकांची ओळख पटली.

आमच्या कर्जतला कशेळ्याला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स नावाची संस्था आहे. तिने वाड्यांवर धान्यबँका चालवल्या. बाहेरच्याला ही गोष्ट फार लहान वाटेल. पण ज्याने वाडीवर आषाढ-श्रावण पाहिलाय त्याला कळेल. कणगी रिकामी झाली की सावकाराकडून पायलीभर भात आणायचं आणि सुगीला दीडपट-दुप्पट भरायचं, इथूनच बेडीची पहिली कडी सुरू होते. धान्यबँकेत लोकांनीच सुगीला धान्य जमा करायचं आणि पावसाळ्यात अगदी थोड्या वाढीने उसनं न्यायचं. सावकाराला कुणी शिव्या दिल्या नाहीत की मोर्चा काढला नाही. त्याच्या दारात जायची गरजच कमी केली. हेसुद्धा मानवी हक्कांचंच काम आहे असं मी मानते.

आता जंगलाची गोष्ट, आणि त्यात थोडी माझीही.

देशभरातल्या आदिवासी संघटनांनी कित्येक वर्षं रेटल्यावर डिसेंबर २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेतच सरकारने मान्य केलं आहे की आदिवासींवर "ऐतिहासिक अन्याय" झाला. सरकारने स्वतःच्या कायद्यात असं लिहिणं ही साधी गोष्ट नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतोय त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही धरलाय. ज्याला अक्षर येत नाही अशा म्हाताऱ्याचा शब्द पुरावा मानणारे कायदे मी तरी फार पाहिले नाहीत.

नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. मी निवृत्त होऊन घरीच होते. त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने माझा एक जुना विद्यार्थी आला. "बाई, बापाचा दाखला काढायचाय." दाव्यासोबत जमातीचा दाखला हवा होता, आणि त्याच्यासाठी बापाची शाळेतली नोंद. बाप दोन इयत्ता शिकला होता, तोही १९५० च्या दशकात, माझ्या कितीतरी आधी. आम्ही दोघं शाळेत गेलो. तिथल्या गुरुजींनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. कोपरे वाळवीने खाल्लेले, पण आतली अक्षरं शाबूत. बोरूने लिहिल्यासारखी एक ओळ : मुलाचं नाव, बापाचं नाव, राहणार ठाकुरवाडी, जात ठाकूर, जन्मतारीख १ जून. आमच्या जुन्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचा, हे तुम्हाला माहीतच आहे! तारीख गुरुजींनी अंदाजाने लिहिली असणार. पण बाकीची ओळ त्या अनोळखी गुरुजींनी नीट, पूर्ण, एकही रकाना मोकळा न सोडता लिहिली होती. पन्नास वर्षांनी त्या ओळीवर एका कुटुंबाची जमीन उभी राहणार होती, हे त्यांना कुठून माहीत असणार?

दावा दोनदा परत आला. एकदा नकाशा जोडला नव्हता म्हणून, एकदा काय कारण होतं ते कागदावर लिहिलेलंच नव्हतं. पोरगा चिकाटीचा. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मदत केली, म्हाताऱ्यांचे जबाब झाले, बांधावरच्या जुन्या आंब्याचीही नोंद झाली. चौथ्या वर्षी हक्कपत्र मिळालं. जमीन एकरभराची. तो आणि त्याची बायको दोघं पेढे घेऊन आले. हक्कपत्रावर दोघांची नावं होती, कारण कायद्यानेच नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने ते द्यायचं आहे. तिने मला विचारलं, "बाई, यातलं माझं कुठलं?" मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्या जागी स्वतःचं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मला तेव्हा हंसा मेहता आठवल्या. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. पहिल्या कलमाच्या मसुद्यात "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. बाईंनी आग्रह धरला की तिथे "सर्व माणसं" असाच अर्थ होईल असा शब्द हवा. तो बदल झाला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला. एका शब्दासाठी एवढं कशाला, असं तेव्हा कुणाला वाटलंही असेल. त्या शब्दापासून आमच्या वाडीतल्या बाईच्या बोटापर्यंत साठाहून जास्त वर्षं गेली. पण वाट एकच.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने याच कायद्याखाली २००९ साली गावाच्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तरी स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना हातात पडायला एप्रिल २०११ उजाडला. त्यासाठी केंद्रातले मंत्री गावात यावे लागले. पुन्हा तीच तिसरी पायरी.

आणि मार्च २०१८ चा नाशिक ते मुंबई लाँग मार्च विसरून चालणार नाही. किसान सभेच्या झेंड्याखाली निघालेल्या त्या हजारो माणसांत आदिवासी फार मोठ्या संख्येने होते आणि वनहक्काचे पडून राहिलेले दावे ही त्यांची मुख्य मागणी होती. ६ मार्चला निघाले, ११ ला मुंबईत पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना परीक्षेला जायला अडचण नको म्हणून, दिवसभर चाललेली ती माणसं थांबली नाहीत, रात्रीतून चालत पहाटे आझाद मैदानावर गेली. पायांची सालटी निघालेली चित्रं सगळ्यांनी पाहिली. मी शिक्षिका. मला त्या रात्रीच्या चालण्याइतकं मोठं दुसरं काही वाटत नाही. ज्यांची स्वतःची मुलं शाळेत टिकावीत म्हणून आम्ही वाड्यावाड्यांवर फिरलो, ते लोक शहरातल्या मुलांच्या पेपरची काळजी वाहत होते. सरकारने लेखी आश्वासन दिलं. तरी मार्च २०२३ मध्ये याच मागण्यांसाठी पुन्हा चालावं लागलं. काही म्हणतील, बघा, काहीच मिळालं नाही. मी म्हणते, मिळालेलं वसूल करायला गेले.

मिळालेलं राखावंही लागतं. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने दावे नामंजूर झालेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभर हलकल्लोळ झाला आणि २८ फेब्रुवारीला कोर्टानेच त्याला स्थगिती दिली. ठाकूर जमातीचं तर आणखी एक दुखणं होतं. जमातीचा दाखला पडताळताना "तुमच्या चालीरीती सांगा, देव सांगा, लग्नाची पद्धत सांगा" अशी परीक्षा घ्यायचे, आणि शिकून शहरात गेलेला मुलगा तिथे नापास! २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या संघटनेच्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही चालीरीतींची कसोटी म्हणजे अंतिम शब्द नव्हे. स्वातंत्र्याच्या आसपासची आणि त्याआधीची जुनी कागदपत्रं असतील तर त्यांचं वजन मोठं. जुनी कागदपत्रं म्हणजे पुन्हा बहुतेक वेळा काय? शाळेचं रजिस्टर.

सगळं छान झालं असं सांगून मी हा लेख संपवणार नाही. २०२२ साली इगतपुरी भागात कातकऱ्यांची लहान मुलं थोड्याशा पैशांवर मेंढ्या राखायला दिल्याचं उघडकीला आलं. एक मुलगी त्यात गेली तेव्हा बाहेर कळलं. कायदा होऊन शेहेचाळीस वर्षं झाली होती. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. ती ठाकरांचीच वाडी. सुरक्षित जागेवरचं घर हाही हक्कच आहे. तो त्यांच्यापर्यंत चालत पोचला नव्हता, कारण तिथपर्यंत धड रस्ताही नव्हता.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. मिळतं. पण उशिरा मिळतं, अर्धवट मिळतं, आणि ज्याने मागितलं त्यापेक्षा त्याच्या मुलाला किंवा नातवाला मिळतं. मध्ये कुणीतरी नोंद ठेवावी लागते, अर्ज लिहावा लागतो, परत आलेला अर्ज पुन्हा घेऊन जावं लागतं. ही माणसं पुढारी नसतात. तलाठी, ग्रामसेवक, पोस्टमन, मास्तर, कार्यकर्ते, नाहीतर तुझ्यासारखा इंटरनेटवर फॉर्म भरता येणारा शिकलेला पोरगा, यांच्यापैकीच कुणीतरी असतं.

म्हणून सगळ्यांना एक विनंती करते. तुमच्या गावच्या जुन्या शाळेत जा आणि जनरल रजिस्टरं कुठे ठेवली आहेत ते विचारा. छप्पर गळत असेल तर आधी ती कोरड्या जागी हलवा. जमलं तर पानांचे फोटो काढून शाळेलाच एक प्रत द्या. नावं त्या लोकांची आहेत, ती बाहेर कुठे टाकू नका. पण वाळवीपासून जरूर वाचवा. त्यातल्या कुठल्या ओळीवर उद्या कुणाचं घर उभं राहील, ते आज सांगता येत नाही.